अक्काचं चित्र

दाजींचा फोन आला तेव्हा मी पाठशाळेतल्या मुलींच्या वह्या तपासत होते. "जय जिनेंद्र. तू चार दिवस देवासला येऊन जा. तुझ्या भाचीला तूच समजाव. आमचं ती ऐकत नाही, तुझं ऐकेल." मागून अक्काचा आवाज आला, "तिला कशाला बोलावताय उगीच?" तेवढ्यावरून मी ओळखलं की प्रकरण अक्काचंच आहे.

माझी थोरली बहीण लग्न होऊन सांगलीकडून देवासला गेली, त्याला आता तीस वर्षं झाली. भाची इंदूरला चित्रकला शिकली. दशलक्षण पर्वात समाजाच्या सभागृहात महिलांच्या कलाकामाचं प्रदर्शन भरणार होतं. रांगोळ्या, भरतकाम, मंडल विधानाचे रंगीत आराखडे, आणि त्यात भाचीचं एक चित्र. ते चित्र दोघीतिघींनी आधीच पाहिलं होतं आणि मंडळात कुजबुज सुरू झाली होती.

देवासला पोचल्यावर मी ते पाहिलं. चारेक फुटांचा कॅनव्हास. ओट्यापाशी उभी असलेली बाई, चेहरा सरळसरळ अक्काचा. पण छातीखालपासून कमरेपर्यंत तिचं अंगच नाही. कात्रीनं कापावं तसं नेमकं कापून काढलेलं. रक्त नाही, जखम नाही. त्या रिकाम्या जागेत एक फळी, फळीवर स्टीलचे तीन डबे, आणि डब्यांच्या मागे रात्रीची देवासची टेकडी, माताजींच्या दिव्यांसकट. चित्राखाली नाव होतं, 'रिकामी'.

गेल्या वर्षी अक्काची पिशवी काढली. हे मंडळातल्या प्रत्येकीला माहीत. त्यामुळे चित्र कशाचं आहे हे कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. खरं सांगते, मलाही लाज वाटली. आपल्या बहिणीचं पोट असं भिंतीवर टांगायचं?

"मावशी, हे अतिवास्तव आहे," भाची म्हणाली. "सर्रियल. खरं दिसतं त्याच्या पलीकडचं खरं." आणि तिनं लॅपटॉप उघडला.

त्या रात्री मी जे पाहिलं आणि नंतर वाचलं ते थोडक्यात सांगते. आपल्यापैकी पुष्कळ जणींना अतिवास्तव म्हणजे काहीतरी वेडंवाकडं काढणं असं वाटतं. मलाही तसंच वाटायचं. पण त्याची सुरुवात फार दुःखातून झालेली आहे. पहिल्या महायुद्धात आंद्रे ब्रेताँ हा वैद्यकीचा विद्यार्थी फ्रान्समध्ये मनाचे रुग्ण झालेल्या सैनिकांच्या वॉर्डात काम करत होता. त्यांची बडबड, त्यांची स्वप्नं तो ऐकत होता. पुढे 1924 साली पॅरिसमध्ये त्यानं या चळवळीचा जाहीरनामा लिहिला. जागेपणी जे शहाणपण आपण मिरवतो त्यानंच एवढी माणसं मारली, तेव्हा आता स्वप्नाकडेही बघू या, असा त्या पिढीचा कल होता. युद्धात तुटलेली शरीरं त्यांनी रस्त्यांवर पाहिली होती. म्हणून त्यांच्या चित्रांतलं शरीर अखंड राहिलं नाही. रने माग्रितनं 1937 मध्ये एक बसलेला माणूस काढला, त्याच्या धडाच्या जागी पिंजरा आणि पिंजऱ्यात पक्षी. दालीनं 1936 मध्ये माणसाच्या छातीला कपाटासारखे खण काढले. लुईझ बूर्ज्वा या बाईनं 1940च्या दशकात चित्रांची एक मालिका केली. त्यात बाईचं अंग उघडं आणि डोक्याच्या जागी घर. नावही तसंच, घर-बाई.

अक्का इतका वेळ भाजी निवडत होती. घर-बाईचं चित्र पाहून ती थांबली. "हे मात्र खरंय," एवढंच म्हणाली आणि परत भाजीकडे वळली.

मला झोप येईना. त्या रिकाम्या पोटात टेकडी दिसते, म्हणजे एवढी मोठी टेकडी पोटात मावते, हे मी आधी कुठंतरी पाहिलंय असं सारखं वाटत होतं. पहाटे आठवलं. आमच्या गावच्या बस्तीत, स्वाध्यायाच्या खोलीत, भिंतीवर लोकपुरुषाचा पट होता.

तुम्हीही पाहिला असेल. पाय फाकवून, दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा असलेला पुरुष, आणि त्याच्या अंगात सगळं विश्व. उंची चौदा राजू. तळाशी रुंदी सात राजू, कमरेशी एक, कोपरांच्या पातळीला पाच आणि वर डोक्याशी पुन्हा एक. आपल्या दिगंबर गणितानुसार एकूण घनफळ 343 घनराजू. पायांत सात नरकभूमी. कमरेच्या बारीक पट्ट्यात मध्यलोक, म्हणजे जंबूद्वीप, मेरू, नद्या, आणि त्यातच कुठंतरी आपण. छाती-गळ्यात स्वर्ग. कपाळावर चंद्रकोरीसारखी सिद्धशिला. अंगाच्या मधोमध एक राजू रुंदीची त्रसनाडी. बाहेरून वाऱ्याची तीन वलयं, आणि त्यापलीकडे अलोकाकाश, ज्यात काहीच नाही आणि ज्याला अंतही नाही. लहानपणी मी त्या पटाच्या खालच्या भागाकडे बघायचं टाळायची, कारण तिथं नारकी जिवांना करवतीनं कापत होते.

मग मला प्रश्न पडला. माणसाच्या अंगात नद्या-डोंगर काढलेलं चित्र आपण बस्तीत लावतो, मुलांना त्यावरून धडे देतो आणि त्याला वेडंवाकडं म्हणत नाही. का? कारण ते समजावून सांगणारं कुणीतरी आपल्याला भेटलेलं असतं. पाठशाळेत आपण घोकलेलं असतं की आकाश हे द्रव्य आहे आणि दुसऱ्याला जागा देणं हेच त्याचं काम. जीव मिळालेल्या देहाएवढा होतो, दिवा जसा मडक्यात ठेवला तर मडक्याएवढा उजेड देतो आणि खोलीत ठेवला तर खोलीभर, हा तत्त्वार्थसूत्रातला दाखलाही पाठ असतो. शरीर आणि अवकाश यांचा हिशेब आपल्याकडे शेकडो वर्षं चालू आहे. चित्रातून तो मांडायची सवयही जुनी आहे.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "चला, आपण धार-मांडूला जाऊन येऊ. प्रदर्शनाचं नंतर बघू." दाजींना वाटलं मी विषय टाळतेय. थोडं खरंही होतं. भाची आणि मी निघालो, आणि आश्चर्य म्हणजे अक्काही तयार झाली. ऑपरेशननंतर ती प्रथमच लांब बाहेर पडत होती.

इंदूरवरून पुढे धार साठेक किलोमीटर. आपल्या मराठी माणसाला धार परकं वाटत नाही. पवारांचं संस्थान, अजून कानावर पडणारं मराठी, आणि तो लाल दगडी किल्ला. राघोबादादांच्या पळापळीत गरोदर आनंदीबाईंना याच किल्ल्यात आसरा मिळाला आणि 1775 च्या जानेवारीत दुसरा बाजीराव इथं जन्मला. इतिहासात आनंदीबाईंच्या नावावर एकच गोष्ट चिकटली आहे. पण भर राजकारणात, परक्या किल्ल्यात बाळंत होणाऱ्या बाईला काय वाटलं असेल, हे अक्कानं विचारलं, मी नाही.

धारला शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके राहिले. जन्म 1884, वसईचा. गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्यांचा पुतळा त्यांच्या हातचा. 1961 मध्ये पद्मश्री मिळाली आणि 1972 मध्ये धारलाच ते गेले. त्यांचं काम वास्तववादी. कपड्याची चुणी, हाताची शीर, सगळं जसंच्या तसं. भाची म्हणाली, "मावशी, मला असं काम फार आवडतं. पण आईचं दुखणं मला असं काढता येत नाही. बाहेरून आई अगदी पूर्वीसारखीच दिसते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

धारची सगळ्यांत प्रसिद्ध स्त्रीमूर्ती मात्र धारमध्ये नाही. 1875 मध्ये इथं सापडलेली संगमरवरी मूर्ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. काही हात मोडलेले, पायाशी सिंह आणि मूल. 1924 मध्ये ती राजा भोजाची सरस्वती म्हणून अभ्यासकांनी प्रसिद्ध केली आणि लोकांच्या मनात तीच ओळख बसली. पुढे 1980च्या सुमारास हरिवल्लभ भायाणी आणि किरीट मांकोडी यांनी पायथ्याचा लेख नीट लावला. लेखावर संवत 1091, म्हणजे इसवी सन 1034 च्या आसपासचा काळ. त्यात म्हटलं आहे की वररुचीनं आधी वाग्देवी आणि तीन जिनप्रतिमा करवल्या आणि त्यानंतर ही अंबेची मूर्ती. म्हणजे ही आपली अंबिका, नेमिनाथांची यक्षी. मूर्ती घडवणाऱ्याचं नाव मणथल, हेही लेखात आहे. यावरून चालू असलेल्या वादात मला शिरायचं नाही. मला त्या बाईची गोष्ट महत्त्वाची वाटते.

अंबिकेची कथा आपण ऐकलेली असते, पण गाडीत भाचीला सांगताना ती मला नव्यानं ऐकू आली. अग्निला नावाची ब्राह्मणाची बायको. श्राद्धाच्या दिवशी दारात आलेल्या मुनींना तिनं आधी आहार दिला. नवरा सोमशर्मा संतापला, घराबाहेर काढलं. दोन लहान मुलं घेऊन ती गिरनारकडे गेली. आंब्यानं अवेळी फळं दिली, मुलांची भूक भागली. नवरा मागून येताना दिसला तेव्हा भीतीनं तिनं कड्यावरून उडी टाकली. ती यक्षी झाली आणि नवरा मेल्यावर तिचं वाहन सिंह झाला. घरात जिला जागा उरली नाही, तिला डोंगरानं आणि झाडानं जागा दिली. आपण तिची ओटी भरतो, पण तिला घराबाहेर का जावं लागलं ते पुढच्या पिढीला क्वचितच सांगतो.

याच धारमध्ये, त्याच भोजराजाच्या काळात, आपल्या दिगंबर परंपरेतले मोठे तर्कपंडित आचार्य प्रभाचंद्र ग्रंथ लिहीत होते. प्रमेयकमलमार्तंड आणि न्यायकुमुदचंद्र ही त्यांची कामं आजही विद्वान वाचतात. न्यायकुमुदचंद्रात त्यांनी स्त्रीदेहानं मोक्ष मिळत नाही, ही बाजू सविस्तर मांडली आहे. त्याआधी दोनेकशे वर्षं, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात, शाकटायन या यापनीय आचार्यांनी उलट बाजू मांडली होती. यापनीय मुनी दिगंबरांसारखेच नग्न राहायचे, पण स्त्रीला मोक्ष आहे असं म्हणायचे. आमच्या कोल्हापूर-बेळगाव भागातल्या शिलालेखांत हा संघ भेटतो. आता तो संघ उरला नाही. श्वेतांबर तर एकोणिसावे तीर्थंकर मल्ली या स्त्रीच होत्या असं मानतात. मी माझ्या आचार्यांशी वाद घालणारी कोण? पण एवढं नक्की दिसतं की बाईच्या देहाला विश्वात नेमकी कुठवर जागा आहे, हा प्रश्न माझ्या भाचीनं काढलेला नाही. तो धारमध्येच हजार वर्षांपूर्वी विचारला गेला होता.

मांडूला पोचलो तेव्हा ढग रस्त्यावर उतरले होते. अक्का जहाजमहालाच्या पायरीवर बसून राहिली. मी भाचीला मांडूची पोथी सांगितली. 1439 मध्ये, महमूद खिलजी सुलतान असताना, इथं मांडवगडावर कल्पसूत्राची एक सचित्र प्रत तयार झाली. आज ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सुलतानाच्या राजधानीत जैन व्यापारी श्रीमंत होते, ते अशा पोथ्या लिहवून घेत आणि साधूंना देत. भाचीनं मोबाईलवर त्या शैलीची चित्रं शोधून काढली. चेहरा बाजूनं काढलेला, पण पलीकडचा डोळा गालाच्या रेषेबाहेर, हवेत. "मावशी, हा डोळा बघ! अधांतरी!" ती ओरडलीच. त्या काळच्या पश्चिम भारतीय जैन चित्रांची ही खूणच आहे.

कल्पसूत्रांच्या पोथ्यांत एक चित्र नेहमी असतं. त्रिशला माता पलंगावर आडवी झाली आहे आणि तिच्या वर, ओळीनं, तिची स्वप्नं. हत्ती, वृषभ, सिंह, लक्ष्मी, चंद्र, सूर्य, कलश, सरोवर. श्वेतांबरांत चौदा, आपल्यात सोळा. ना भिंत, ना छत. झोपलेल्या गरोदर बाईच्या भोवतालचा अवकाश तिच्या स्वप्नांनी भरलेला. श्वेतांबरांच्या कथेत हरिणैगमेषी हा हरिणतोंडी देव महावीरांचा गर्भ देवानंदेच्या उदरातून त्रिशलेच्या उदरात नेऊन ठेवतो. आपण ती कथा मानत नाही, पण तिचं चित्र पाहिलं की मला नेहमी देवानंदा आठवते, जिच्याकडे पोथी पुन्हा फारशी वळून बघत नाही. तिचं पोट रिकामं झालं त्या सकाळी तिनं काय केलं असेल?

भाचीनं मला त्याच्या शेजारी दुसरं चित्र दाखवलं. मेक्सिकोच्या फ्रीडा काहलोचं, 1932 चं. अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहरातल्या दवाखान्यात तिचा गर्भपात झाला, त्यानंतर काढलेलं. उघड्यावर एक पलंग, पलंगावर ती, डोळ्यात एक मोठा अश्रू. तिच्या हातातून लाल दोऱ्या निघालेल्या आणि त्या दोऱ्यांना बांधलेल्या सहा वस्तू हवेत तरंगणाऱ्या. बाळ, गोगलगाय, कमरेचं हाड, फूल, एक यंत्र आणि कंबरेपर्यंतच्या बाईचा नमुना. ब्रेताँ तिला अतिवास्तववादी म्हणायचा. तिला ते मान्य नव्हतं. आपण स्वप्नं काढत नाही, आपलं खरं आयुष्य काढतो, असं तिचं म्हणणं होतं.

दोन्ही पलंग मी पुन्हा पुन्हा पाहिले. एकीकडे येणाऱ्या बाळाची चाहूल, दुसरीकडे गेलेल्या बाळाची. मधे पाचशे वर्षं आणि दोन समुद्र. तरी बाईच्या देहातलं दुःख किंवा आनंद दाखवायचा तर तिच्या अंगाबाहेरच्या जागेत वस्तू मांडाव्या लागतात, हे दोघांनाही सुचलं. आपल्या मराठी चित्रकारांत प्रभाकर बरवे यांच्या चित्रांतही घड्याळ, पान, शिंपला असेच अवकाशात सुटे असतात. या अवकाशाचा त्यांनी किती विचार केला होता ते त्यांच्या 'कोरा कॅनव्हास' या 1990 मधल्या पुस्तकात वाचायला मिळतं. भाचीच्या टेबलावर ते पुस्तक होतं आणि मी इतकी वर्षं लेखिका म्हणवून घेऊन ते उघडलं नव्हतं.

फरकही सांगायला हवा. त्रिशलेची स्वप्नं कुणीतरी वाचून दाखवतं, राजा सिद्धार्थ त्यांचा अर्थ सांगतो, सगळा राजवाडा आनंदतो. फ्रीडाच्या पलंगाशी कुणी नाही. आजच्या अतिवास्तव चित्रातल्या शरीराचं दुःख हे आहे की अर्थ सांगणारं जवळ कुणी नसतं. आणि अक्काच्या ऑपरेशननंतर आम्ही सगळ्यांनी काय केलं? "झालं ना आता, सुटलीस," म्हटलं. मीही फोनवर तेच म्हटलं होतं. रिकामपणाचा अर्थ तिला एकटीलाच लावायला लागला. तिच्या मुलीनं तो लावायचा प्रयत्न केला तर आम्ही तिला गप्प करायला निघालो.

परत देवासला आलो. या गावाची गंमत तुम्हाला माहीत असेल. तुकोजी आणि जिवाजी या दोन पवार भावांची थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात दोन राज्यं, रस्त्याच्या मधून सरहद्द. 1948 मध्ये दोन्ही विलीन झाली. त्याच वर्षी क्षयानं आजारी असलेले कुमार गंधर्व इथं हवापालटासाठी आले. सहा वर्षं त्यांना गाता आलं नाही, एक फुप्फुस निकामी झालं. पुढे उरलेल्या श्वासात जे मावेल ते घेऊन त्यांनी वेगळंच गाणं उभं केलं. देवासच्या लोकांना शरीरातलं काही कमी होणं म्हणजे सगळं संपणं नव्हे, हे खरं तर कुणी शिकवायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी मंदिरात गेलो. वेदीवर सिद्धांची धातूची प्रतिमा होती. तीही तुम्ही पाहिली असेल. पितळेच्या पत्र्यातून उभ्या देहाचा आकार कापून काढलेला. मूर्ती नाही, मूर्तीएवढी मोकळी जागा. कर्म गेलं, देह गेला, आत्मा शेवटच्या देहाहून किंचित उण्या आकारात उरला, हे दाखवायला कारागिरानं पत्रा कापला. अक्का तिच्यापुढे बराच वेळ उभी राहिली. आरपार पलीकडची समई दिसत होती. बाहेर येऊन चपला घालताना ती लेकीला म्हणाली, "तुला रिकामी कोण म्हणालं गं मला? तिथं डबे ठेवलेस ना तू? टेकडी काढलीस ना? मग रिकामी कशी? नाव बदल."

"काय ठेवू?"

"जागा."

भाचीनं नाव बदललं. दाजी पहिल्यांदा काही बोलले नाहीत, मग त्यांनीच रिक्षा बोलावून चित्र सभागृहात नेलं.

पर्वाच्या दिवसांत अक्का रोज त्या चित्राशेजारी खुर्ची टाकून बसली, हे मला भाचीनं फोनवर सांगितलं. काही जणी न बघता पुढे गेल्या. एकीनं तोंडावर सांगितलं की मंदिराच्या आवारात हे शोभत नाही. अक्का म्हणाली, "शोभायला नाही काढलं." पण तिसऱ्या दिवशी एक म्हातारी बाई तिच्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, माझीपण काढलीय, वीस वर्षं झाली, कुणाला बोलले नाही. मग आणखी एक आली. अक्कानं अजून दोन खुर्च्या मागवून घेतल्या.

आता आमच्या पाठशाळेत लोकपुरुषाचा पट शिकवायची वेळ आली की मी मुलींना आधी एक काम देते. कोऱ्या कागदावर स्वतःचं अंग काढा आणि त्यात आज काय काय आहे ते मांडा. राजूंची मापं आपण नंतर घेतो.